कार्ल्याच्या लोहाराचा भाता

युद्धाच्या चौथ्या वर्षी, जूनच्या एका सकाळी, मळवली स्टेशनजवळच्या सायकलवाल्याने माझ्या सायकलची ट्यूब कापली. मी फक्त पंक्चर काढायला सांगितले होते. नवी ट्यूब तेव्हा कुठेच मिळत नव्हती.

गिऱ्हाइकाच्या हाती दुसऱ्या कारागिराचे सामान धाडायची त्याची खोड जुनी. मी दोनदा कुंभाराची गाडगी वाहिली होती.

"कार्ल्याच्या लोहाराचा भाता फाटलाय, भाऊ. गावाचं फाळ पडून हायेत. ह्यो रबर चिकटवला की झालं."

"आणि मी कशावर जाऊ?"

"पायानं. तुमी तिकडंच निघालाय न्हवं?"

मी रबर घेऊन चालत गेलो. दुपारी भट्टी पेटली. निघताना लोहाराने मळवलीच्या सुताराचा धार लावलेला वाकस माझ्या हाती दिला.