वाढवलेलं दुकान

आमच्या आत्याने दुकानाच्या बाबतीत ‘बंद’ हा शब्द कधी तोंडातून काढला नाही. संध्याकाळी शटर खाली ओढायची, कुलूप घालायची आणि शेजारच्या किल्लीवाल्याला सांगायची, “वाढवते रे दुकान.” बांगडी फुटली तरी ती वाढलीच म्हणायची, तसंच हे. दुकान बंद केलं म्हटलं की ते कायमचं बंद होतं, अशी तिची ठाम समजूत होती. लहानपणी मी एकदा “आत्या, दुकान कधी बंद करणार?” असं विचारलं, तर तिने काच पुसायचं ओलं फडकं माझ्या तोंडावर हाणलं होतं.

ती फोटोंच्या फ्रेमा करायची. लाकडाची पट्टी तिरकी कापायची, कोपरे जुळवायचे, हिरकणीने काच कापायची, मागे पुठ्ठा ठोकायचा. बाजारात तिला सगळे फ्रेमबाई म्हणत. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, “बघायला आले होते की बरेच. कोपरे जुळेनात.” माझे वडील तिचे धाकटे भाऊ, तेही आता नाहीत. त्यामुळे तिचं माणूस म्हणजे मीच. मी लोकांना मोटार चालवायला शिकवते. दुसऱ्याच्या चुकांवर ओरडायची मला सवय आहे, आणि त्याचे पैसेही मिळतात.

तिचं गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. एक रस्त्यावरून येणारं: लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो, पोरांची प्रमाणपत्रं. दुसरं म्हणजे एक हॉटेल. त्यांना खोल्याखोल्यांत चित्रं लावायची हौस, एका वेळी तीस-चाळीस फ्रेमा. हॉटेलचा मॅनेजर म्हणाला, आम्हाला पक्कं बिल लागतं, तुम्ही कराचा नंबर घ्या. आत्याने घेतला. नंबर आला त्या दिवशी तिने त्याचीसुद्धा फ्रेम करून भिंतीवर लावली.

आणि तिथून तिच्या नाकी नऊ आले. बिल या महिन्यात केलं की त्याचा कर पुढच्या महिन्यात भरायचा. हॉटेल मात्र पैसे देणार त्यांना आठवण होईल तेव्हा. म्हणजे जे पैसे हातात आलेच नाहीत, त्यांवरचा कर आत्याने पदरचा घालायचा. रस्त्यावरच्या गिऱ्हाइकालाही आता कर लावून भाव सांगावा लागे. समोरच्या गल्लीतला फ्रेमवाला बिननंबरी, त्याचा भाव तेवढाच कमी. लोक कोपरा बघत नाहीत, भाव बघतात. कर नको असं मी म्हणत नाही. रस्ते काय हवेवर होतात? रोज त्याच रस्त्यांवर माझी गाडी शिकाऊ लोक आपटतात. पण मोठ्या कंपनीला जे हिशेबनीस बसवून जमतं, ते एकट्या बाईने काच कापता कापता करायचं, हे काही माझ्या गळी उतरत नाही.

पुढे हॉटेलचा मॅनेजर बदलला. नव्याने कारखान्यातून तयार फ्रेमा मागवल्या आणि आत्याच्या तोंडाला पानं पुसली. मी फोन करायचे, “कसं चाललंय?” ती म्हणायची, “चाललंय.” मग यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर तिच्या उजव्या हाताची बोटं बधिर झाली. डॉक्टर म्हणाले, मनगटातली शीर दबली आहे, पन्नास वर्षं हाताला तेच काम. काचेची कड कळेना. एकदा बोट कापलं ते तिला पांढरा पुठ्ठा लाल झाल्यावर समजलं. त्या आठवड्यात तिने जागा सोडायचं ठरवलं. सामान हलवायला मी गेले होते. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती आपली सुतळीला गाठी मारत राहिली.

आता तिला जगायचं होतं ते दुकानाच्या अनामत रकमेवर. ती जागामालकाकडे होती. मालक म्हणाला, कर-कचेरीतून काही देणं बाकी नसल्याचा कागद आणा, लगेच देतो. आत्या एकटीच कचेरीत गेली. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, काय काम आहे? आत्या म्हणाली, “दुकान वाढवलंय. त्याची नोंद करायची आहे.”

कारकुनाने नोंद केली. व्यवसाय वाढविला.

महिन्याभरात नोटीस आली. व्यवसायाचा विस्तार केल्याचे आपण स्वतः कळविले आहे, सबब अंदाजे वाढीव कर आगाऊ भरावा. आकडा बघून माझे डोळे पांढरे झाले. तो भरला असता तर अनामत रकमेतलं हातात काही म्हणजे काही उरलं नसतं. आत्याने ती नोटीस विजेच्या बिलासारखी माझ्यापुढे ठेवली आणि चहा टाकायला गेली. मी विचारलं, “आत्या, तुला काहीच वाटत नाही का गं?” ती म्हणाली, “नाही ना वाटत. तेच तर बघतेय मी.”

सुनावणीला मी तिच्याबरोबर गेले. पंखा, लोखंडी कपाटं, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या, आणि प्रत्येक खुर्चीत आपला आवाज घरी ठेवून आलेला एकेक माणूस. आधी तो खिडकीतला कारकून भेटला. “आजी, तुम्हीच सांगितलंत ना वाढवलं म्हणून?”

“आजी कोणाची?” आत्या म्हणाली. “माझा नातू असतास तर मराठी तरी धड आलं असतं.”

आतल्या अधिकारी बाई चांगल्या होत्या, हे मला कबूल करावं लागेल. मी भांडायचं ठरवून गेले होते आणि त्यांनी खुर्ची पुढे केली. दुकान वाढवणे म्हणजे काय ते मी सांगू लागले, तर हसून म्हणाल्या, “माहीत आहे हो. आमचे आजोबाही किराणा दुकान वाढवायचे. शब्दाची चूक मी दोन मिनिटांत दुरुस्त करते. बाई, तुम्ही फक्त तुमच्या तोंडाने सांगा. दुकान चालू आहे की बंद?”

आत्याने मांडीवरची पिशवी सारखी केली.

“बंद आहे!” मी म्हणाले.

“तुम्ही नाही. नंबर त्यांच्या नावावर आहे.”

आत्या टेबलावरच्या काचेकडे बघत होती. काचेच्या कोपऱ्याला तडा होता. तिने बोट फिरवलं आणि काढून घेतलं. मला तिचा राग आला. एक शब्द, बाई! त्या शब्दावर तुझं म्हातारपण अडलंय आणि तू काच बघतेस!

अधिकारी बाईंनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. “माझं घोडं आणखी एका ठिकाणी अडलंय. बुडत्या दुकानाची विक्री खाली येते. तुमची हॉटेलचं काम गेल्यावर एकदम घसरली, ते ठीक. पण तिथून पुढे दर महिन्याला थोडी थोडी वरच गेली आहे. जागा सोडेपर्यंत. विस्ताराची नोंद आमच्या माणसाला खरी वाटली, ती यामुळेच. हा माल कोणाला विकला?”

“कोणाला नाही,” आत्या म्हणाली.

“म्हणजे?”

“गिऱ्हाईकच आलं नाही. वर्ष झालं की.”

मला वाटलं, हिला प्रश्न कळला नाही. पण तिला चांगला कळला होता.

“मग हे आकडे?”

“मीच घातले.” तिचा आवाज काच मोजताना असायचा तसाच होता. “विक्री नसली की शून्य लिहायचं असतं ना. बसायचे लिहायला. हात चालायचा नाही. म्हणून दोन फ्रेमा लिहिल्या. पुढच्या महिन्यात वाटलं, मागच्यापेक्षा कमी कशाला? म्हणून तीन लिहिल्या. अशा वाढवत गेले.”

“आणि त्यांवरचा कर?”

“भरला की. बचतीतून. एकदासुद्धा उशीर नाही.”

अधिकारी बाईंनी चष्मा काढला. मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या चुकीवर ओरडले नाही. ओरडायला आत काही सापडलंच नाही. लोक कर चुकवायला शेंडी लावतात, खोटी बिलं करतात, कानांवर हात ठेवतात. आणि आमची आत्या वर्षभर रोज सकाळी शटर वर करत होती, झाडत होती, कोणी मागितल्या नाहीत अशा फ्रेमा करत होती, आणि न विकलेल्या मालाचा कर सरकारला नेमाने भरत होती. मला ती सांगायची, चाललंय. सरकारलाही तेच सांगत होती.

“बाई,” अधिकारी बाई हळू आवाजात म्हणाल्या, “मग दुकान खरं कधीपासून...”

“हॉटेलचं शेवटचं बिल झालं ना, त्या महिन्यात,” आत्या म्हणाली. “तेव्हाच बंद झालं.”

म्हणाली ती. काहीच झालं नाही. पंखा फिरत होता.

मग कामं भराभर झाली. कारकुनाने नोटीस रद्द केल्याचं टाइप केलं. देणं बाकी नसल्याचा कागद निघाला. आत्याने सही केली. बोटं धड वळत नव्हती, त्यामुळे तिला ती दोनदा करावी लागली. अनामत रक्कम वाचली, तिचं म्हातारपण वाचलं. मी कागद पिशवीत घातला आणि मला आनंद व्हायला हवा एवढं मला आठवत होतं.

निघताना अधिकारी बाईंनी एक कोरा अर्ज पुढे सरकवला. “हा भरा. वर्षभर जो कर तुम्ही उगीच भरलात, तो परत मिळेल. मी स्वतः शिफारस करते. फक्त लिहून द्यायचं, की त्या काळात एकही फ्रेम विकली नाही.”

मी पेन काढलं. तेवढ्या पैशांत आत्याच्या हाताचं ऑपरेशन झालं असतं.

आत्याने अर्ज हातात घेतला, नीट वाचला आणि टेबलाच्या कडेला कड जुळवून परत ठेवला.

“नको,” ती म्हणाली. “त्या वर्षात दुकान चाललं, असं तुमच्याकडे तरी लिहिलेलं राहू दे.”