दुसऱ्या टेकमधला पंचा

मी इथले अनुभव बरेच दिवस नुसती वाचते. लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा काही मागेपुढे झालं तर समजून घ्या. आधीच सांगते, माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता. आमच्याकडे दर दुसऱ्या झाडाला न दिसणारा राखणदार असतो. लहानपणापासून एवढं ऐकलंय की भीती वाटायचीच बंद झाली. शिवाय मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करते... घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. म्हणून जे पाहिलं तेवढंच लिहिणार आहे.

आमचं घर वैभववाडीपासून आत, घाटाच्या पायथ्याशी. थोडे काजू, थोडं भात, आणि खळ्याच्या मागे एक जुना रायवळ आंबा. खूप उंच. दरवर्षी बाबा स्वतः वर चढून आंबे काढतात.

गेल्या वर्षी कॉलेजच्या स्पर्धेसाठी आमच्या ग्रुपने शॉर्ट फिल्म करायची ठरवली – टाइम ट्रॅव्हल थ्रिलर. दिग्दर्शक तन्मय, माझ्याच वर्गातला, कणकवलीचा. कथा त्याचीच. एका मुलाचा बाप आंब्यावरून पडून मरतो. मुलगा मोठा होऊन यंत्र बनवतो, त्या दिवसात परत जातो आणि बापाला झाडावर चढूच देत नाही. स्क्रिप्ट वाचून आमच्या मॅडमनी विचारलं, "बाप पडलाच नाही, तर मुलगा यंत्र कशाला बनवेल? आणि यंत्रच नाही, तर बापाला अडवलं कोणी?"

"मॅडम, प्रेक्षक एवढा विचार करत नाहीत," तन्मय म्हणाला.

मला कंटिन्युइटीचं काम मिळालं. म्हणजे एका शॉटमध्ये शर्टाचं बटण उघडं असेल तर पुढच्या शॉटमध्येही ते उघडंच हवं. प्रत्येक टेक संपला की मी मोबाइलवर फोटो काढून ठेवायचे. अशा ग्रुपमध्ये मला पहिल्यांदाच कोणी घेतलं होतं, त्यामुळे मी ते काम जरा जास्तच मनावर घेतलं होतं. शूटिंग आमच्याच आंब्याखाली. बापाचं काम करणारे गृहस्थ आयत्या वेळी आले नाहीत, मग माझे बाबाच उभे राहिले.

सीन साधा होता. बाप एकटाच झाडाखाली नारळ ठेवतो, राखणदाराला गाऱ्हाणं घालतो आणि चढायला लागतो. बाबांना स्क्रिप्टची गरजच नव्हती. त्यांनी हात जोडले आणि सुरू केलं, "बा राखणदारा, आज तुझ्या आंब्याक हात लावतंय. काय चुकला माकला तर सांभाळून घे. हातपाय धड ठेव..." आणि रिफ्लेक्टर धरून उभा असलेला आमचा सुशांत सवयीने मोठ्याने ओरडला, "व्हय म्हाराजा!"

इकडच्या माणसाच्या कानावर गाऱ्हाणं पडलं की तोंडातून ते निघतंच. सगळे हसले. पण सीनमध्ये बाप एकटा असतो, त्यामुळे आवाज फुकट गेला. तन्मयने रिटेक मागितला.

"गाऱ्हाणा परत घालतत काय?" बाबा म्हणाले. "एकदा सांगलंय ना. तो काय बहिरो आसा?"

"काका, प्लीज. आता खरं नको, फक्त ॲक्टिंग करा."

"खोटा गाऱ्हाणा तर त्याहून नको."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा पडला असावा. ते पुन्हा नारळासमोर उभे राहिले. दुसरा टेक व्यवस्थित झाला. मी फोटो काढला.

आठवड्याने आम्ही तन्मयच्या घरी एडिटिंगला बसलो. लॅपटॉपवर दुसरा टेक लावला तर तन्मय माझ्यावरच भडकला. "हे काय? एवढं तुला दिसलं नाही?"

क्लिपमध्ये बाबांचा डावा हात गळ्यात अडकवलेला होता. कोपराखाली बांबूच्या कामट्या, आमच्याकडे मोडलेल्या हाताला बांधतात तशा. त्यावरून पांढऱ्या पंच्याची झोळी, पंच्याच्या काठाला तांबडी आणि हिरवी रेघ, एका कोपऱ्यावर काजूच्या चिकाचा काळपट डाग. गाऱ्हाण्याचे शब्द तेच होते, पण बाबांनी फक्त उजवा हात कपाळाला लावलेला.

मी मोबाइल काढला. टेक संपताच काढलेला माझा फोटो – दोन्ही हात जोडलेले, पंचा नाही, काही नाही. तन्मयने दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं. त्याचा राग गेला. त्याने क्लिप पुन्हा सुरुवातीपासून लावली. सुशांत म्हणाला, "माका दोन्ही हात आठवतत." ते तर सगळ्यांनाच आठवत होते. शेवटी आम्ही पहिलाच टेक घेतला आणि "व्हय म्हाराजा"वर संगीत टाकलं. ती क्लिप मी माझ्या मोबाइलमध्ये घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पाहते तर बाबा टोपली, दोरी घेऊन आंब्याखाली उभे.

"बाबा, आज चढू नकात."

"कित्याक?"

"असाच."

"कॉलेजात 'असाच' शिकवतत काय गो?"

मी क्लिप दाखवली. त्यांनी ती दोनदा पाहिली. आई हात पुसत आली, तिनेही पाहिली. ती म्हणाली, "हो पंचो आमच्या घरातलो न्हय."

"माणूस तर मीच आसंय," बाबा म्हणाले. मग मोबाइल परत देत म्हणाले, "तुमी गाऱ्हाणा दोनदा घालूक लावलात."

मला वाटलं ते हसतील, चढतील. त्यांनी दोरी गुंडाळून पडवीत ठेवली. त्या वर्षी आंबे झाडावरच पिकले आणि खाली पडून फुटले. आईच्या लोणच्याला कैऱ्या मिळाल्या नाहीत. शेजारचे काका खळ्यात येऊन म्हणाले, "चेडवान सांगल्यान म्हणान आंबे सोडलंस? सायन्स शिकता ना ती?"

"तिना सांगल्यान म्हणानच सोडलंय," बाबा म्हणाले.

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. उलट मी पुढच्या रविवारी सुशांतला बोलावलं. बाबा ज्या फांदीवर उभे राहतात तिला खालून दोर टाकून आम्ही दोघं लोंबकळलो. वाटलं, मोडली तर निदान कळेल की आपण बाबांना वाचवलं. फांदी हललीसुद्धा नाही. धडधाकट आहे, आजही.

फिल्मला बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी मॅडमचाच प्रश्न विचारला. मी स्टेजवरच होते, आणि माझ्या घरातही तोच प्रश्न होता. बाबा पडलेच नाहीत, तर कामट्या कुठून आल्या?

इथवर असतं तर मी कॅमेऱ्याची काहीतरी गडबड म्हणून सोडून दिलं असतं. पण चतुर्थीला मावशी आली. सावंतवाडीच्या बाजारातून बाबांसाठी पंचा घेऊन आली होती. पांढरा, काठाला तांबडी आणि हिरवी रेघ. तिला आम्ही काहीच सांगितलेलं नव्हतं. बाबांनी पंचा घेतला, "बरो आसा" म्हणाले. ती गेल्यावर आईने चारही कोपरे उलगडून पाहिले. कोरा होता. तिने तो ट्रंकेत तळाशी घातला आणि वर कुलूप लावलं.

"ट्रंकेत घालून काय होतला," बाबा म्हणाले, "चिक माझ्या हातार आसा."

आता काजू सुरू झालेत. आई दर दोन-तीन दिवसांनी ट्रंक उघडते, पंचा बघते, परत ठेवते. क्लिप मी अजून ठेवली आहे, त्यात काही बदललेलं नाही. पंचे तसे बाजारात ढीगभर मिळतात, हे मलाही माहीत आहे. कोणाला यातलं काही कळत असेल तर जरूर सांगा. मला सुचेल ते सगळं करून झालंय.

आंबा यंदा भरून मोहोरलाय. परवा बाबा त्याच्याखाली वर बघत उभे होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "तुमच्या त्या पिक्चराचो शेवट काय होतो गो?"

"पोरगो येता आणि बापाशीक अडवता."

"मगे?"

"मगे काय नाय. संपता."

बाबांनी परत मोहोराकडे बघितलं.

"असो कसो संपात," ते म्हणाले.