चाकामागचा पांढरा रंग

तुमसरच्या नाक्यावरचा आमचा मिस्त्री माणसाशी बोलतानाही गाडीकडेच बघायचा. माझ्या जीपला तर तो बाई म्हणायचा. "बाई आज खोकलून राहिली."

एका दसऱ्याला मी त्याला सांगितलं, ब्रेकच्या ड्रमना आणि त्यामागच्या पत्र्यांना भट्टीत भाजून बसवतात तो पक्का रंग दे, वर्षानुवर्षं टिकला पाहिजे. त्यानं मान हलवली आणि लावला साधा पांढरा ऑइलपेंट. मी चिडलो. तो टायरकडे बघत म्हणाला, "ब्रेक ऑइल गळलं का हा रंग फुगते. पक्का रंग फुगत नाही. मंग तुले कसं समजन?"

पुढे एकदा नाकाडोंगरीला वऱ्हाड न्यायचं होतं. निघण्याआधी सहज वाकलो, तर मागच्या चाकाआड रंगाला फोड आलेले. वऱ्हाड दुसऱ्या गाडीनं गेलं. मिस्त्रीला घरी बोलावून आणलं. त्यानं चाक खोललं, ब्रेकचं गळकं रबर बदललं आणि पुन्हा तोच रंग लावला. माझ्याकडे तेव्हाही पाहिलं नाही.

आजही गाडी सुरू करण्याआधी मी चारही चाकांपाशी वाकतो. बायकोला वाटतं, मी गाडीच्या पाया पडतो. गाडीच्या नसेल, पण कुणाच्या तरी पडतोच.