तेहतिसावा हिस्सा

वालेंती गाव्रोन जन्माचा चिडका, असं आमच्या गावात कुणीही सांगेल. ते खोटं आहे. विमानाच्या कारखान्यात एकतीस वर्षं पत्र्याला रिबीट ठोकताना त्याचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. तो चिडला पेन्शनीत गेल्यावर, आणि तेही कागदापायी. त्यात माझाही थोडा हात आहे, म्हणून सांगतो.

कारखान्यात फवारणीची विमानं होत. पंखावर पंख असलेली, पोटानं गाभण गाईसारखी. तसलंच एक कागदाचं करायचं, कापून चिकटवता येईल अशी पानं आखायची, असं वालेंतीनं मनावर घेतलं. आमच्याकडं हा पोरखेळ नाही. शेतं गोठली की बाप्ये माणसं कातर आणि डिंक घेऊन खिडकीशी बसतात, ते बर्फ वितळेपर्यंत.

पहिला प्रश्न मापाचा. त्यानं एकच पंख तीनदा केला. खऱ्याच्या पंचविसाव्या हिश्श्याचा केला, तो तिसऱ्या दिवशी आपल्याच वजनानं लोंबला. पन्नासाव्याचा केला, तर कागद वळवताना तडकला आणि रिबिटांचे ठिपके माशी हगल्यासारखे दिसले. तेहतिसाव्याचा मात्र ताठ राहिला, आणि त्याच्या जाड बोटांतून त्याचा एकही तुकडा निसटला नाही. आमची जुनी कागदी विमानंही त्याच मापाची, म्हणजे फळीवर शेजारी शेजारी शोभणारी.

"तीन पंख केलेस वालेक, उडणार त्यातला एकबी न्हाई," त्याची बायको स्तेफा म्हणाली.

"उडायचं काम खऱ्याचं. ह्यानं नुसतं दिसायचं."

"आन् माझा दगड?"

कोबी आंबवायच्या पिपावरचा दगड वालेंती चिकटवलेला पुठ्ठा दाबायला त्यावर ठेवायचा. चार हिवाळे त्या घरात कोबी नीट आंबली नाही.

आतला सांगाडा पुठ्ठ्याच्या फासळ्यांचा. फासळी फासळीत अडकवायला खाचा. पुठ्ठा एक मिलिमीटर, खाच एक मिलिमीटर. केसभर कमी नाही, जास्त नाही. सगळं विमान त्या चाळीस खाचांवर उभं.

पानं शहरातल्या कोतुला नावाच्या छापणाऱ्यानं घेतली. शरदात पुस्तिका आली. वालेंतीनं पोलादी पट्टी लावली, तर माप पन्नासाव्या हिश्श्याचं; तसाच पोस्टात जाऊन त्यानं फोन फिरवला.

"मिस्त्री, लोकांच्या घरात जागा कुठंय आता?" कोतुला म्हणाला. "पन्नासावा हिस्सा कसा गोजिरवाणा दिसतो. आणि तुमचं नाव बघा ना, केवढं ठळक छापलंय."

वालेंतीनं फोन असा आपटला की पोस्टातली बाई उठून उभी राहिली. पुस्तिका त्यानं पुन्हा उघडलीच नाही, कपाटात कोंबली.

मी मात्र बाजारातून तीच पुस्तिका आणून विमान केलं. एकही खाच बसेना. वाटलं, आपलाच हात वाकडा. मिस्त्रीची आखणी चुकेल कशी? गुपचूप कानस घेतली आणि खाचा रुंद केल्या.

वसंतात संस्कृती भवनात स्पर्धा भरली. वालेंतीच्या पुस्तिकेवरून गावातल्यांनी केलेली सहा विमानं मांडली होती. पाचांचे पंख मेलेल्या कोंबडीसारखे लोंबत होते.

शाळेतली ब्रोंकाबाई हसून म्हणाली, "मिस्त्री, कारखान्यात बी असलीच केलीत व्हय? बरं झालं, मी कधी बसले न्हाई."

सगळे हसले. वालेंती कानापर्यंत लाल झाला. सरळ उभं असलेलं सहावं विमान माझं. तो माझ्याकडं वळला.

"तुझंच ताठ कसं?"

"खाचा कानसल्या."

"किती?"

"चाळीसच्या चाळीस. वाटलं, माझंच चुकलं."

"तुला कळलं आन् गप बसलास."

"तुमची आखणी चुकली, आसं कोण म्हणंल मिस्त्री?"

"म्हणायचं. माझ्या दारात येऊन म्हणायचं. आता हे पाच जण गावभर सांगणार, गाव्रोनला मापं येत न्हाईत."

बक्षिसं द्यायला कोतुलाच आला होता. वालेंतीनं त्याच्यापुढं पुठ्ठ्याच्या दोन कापलेल्या फासळ्या टाकल्या.

"बस. अडकव."

"मी छापतो मिस्त्री, बनवत नाही."

"दिसतंयच ते. बस."

कोतुला बसला. एक फासळी दुसरीच्या खाचेत ढकलली, जाईना. जोर केला, फासळी मधोमध दुमडली. "पुठ्ठा जरा पातळ घ्यायचा," तो म्हणाला.

ब्रोंकाबाईनं पुस्तिका उलटली. आता ती हसत नव्हती. "हितं तुमीच छापलंय, एक मिलिमीटर घ्या म्हणून."

"चित्र आवळलंस, संगं खाचाबी आवळल्यास," वालेंती म्हणाला. "मग पुठ्ठा कोण आवळणार, तुझा बाप?"

"पुढच्या खेपेला दुरुस्तीची चिठ्ठी घालतो."

"चिठ्ठी नको. तेहतीस छाप, न्हाईतर माझं नाव काढ."

"तेहतिसाला कागद दुप्पट लागतो," कोतुला कोट झटकत म्हणाला. "नाव काढतो."

वालेंतीला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. त्यानं ती दुमडलेली फासळी उचलून खिशात घातली. मग म्हणाला, "माझी पानं परत दे."

पानं आली. पुढच्या खेपेला तीच पुस्तिका, त्याच अरुंद खाचांची, बिननावाची छापून निघाली आणि खपलीही.

तेव्हापासून वालेंती असा आहे. कुणी ती पुस्तिका घेऊन आला की तो ती फाडून चुलीत घालतो आणि बदल्यात आपल्या मूळ पानांच्या, तेहतिसाव्या हिश्श्याच्या, चर्चच्या कचेरीत काढलेल्या नकला देतो. पण आधी विचारतो, "खाच बसली न्हाई तर काय करशील?" कानस मारीन म्हणणाऱ्याला दार दाखवतो. पहिल्यांदा मी गेलो तेव्हा त्यानं विचारलंसुद्धा नाही, दारच लावलं.

पुढच्या हिवाळ्यात परत गेलो. त्यानं विचारलं.

"तुमाला येऊन शिव्या घालीन," मी म्हणालो.

"घालायलाच पायजेत." त्यानं पानं टेबलावर आपटली. बस म्हणाला नाही, माझ्याकडं बघितलंही नाही.

मी दाराशी पोचलो तर मागून स्तेफा आली आणि पिपावरचा दगड, कोबीच्या पाण्यानं ओला, पुठ्ठा दाबायला माझ्या हातात देऊन गेली.