न उघडलेला पंप

मावशींना एका जागी बसणं कधी जमलंच नाही. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर जाऊन त्या यंत्रांची प्रत ठरवायच्या. पहिली प्रत म्हणजे नवंकोरं, दुसरी म्हणजे वापरलेलं पण ठणठणीत, तिसरी दुरुस्तीचं, चौथी भंगार. खिशात लहानशी हातोडी, आणि समोर येईल त्यावर टकटक. घरचा कुकरसुद्धा त्यातून सुटला नव्हता. नवरा म्हणायचा, "मलाही एकदा ठोकून बघ, तिसऱ्या प्रतीत तरी बसतो का."

त्या दिवशी मात्र हातोडी खिशातून बाहेर आलीच नाही. प्लॅटफॉर्म तीन कंपन्यांच्या भागीदारीतला. त्यातली एक कंपनी तिथला आग विझवायचा पंप आपल्या दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर नेणार होती, आणि मावशी देतील त्या प्रतीवरून बाकीच्या दोघींना आपापल्या हिश्श्याची भरपाई मिळणार होती. यादीतला पंपाचा नंबर मावशींनी पुन्हा पुन्हा वाचला. सहा वर्षांपूर्वी हाच पंप इथे आला, तेव्हा त्याला दुसरी प्रत त्यांनीच दिली होती. तीही न उघडता. कागदपत्रं चोख होती, वरून ठोकल्यावर आवाज छान आला होता, आणि परतीचं हेलिकॉप्टर निघायच्या बेतात होतं. उघडायला चार तास लागले असते. त्यांनी सही केली आणि धावत जाऊन सीट पकडली.

एरवी तिन्ही कंपन्यांच्या माणसांचं एकमेकांशी पटायचं नाही. आज मात्र तिघांनाही परतीचं हेलिकॉप्टर गाठायचं होतं, त्यामुळे तिघांचं एकच म्हणणं होतं, दुसरी प्रत लिहा आणि मोकळ्या व्हा. मावशी डेकवर येरझाऱ्या घालत राहिल्या. दोन शब्द लिहिले की विषय संपत होता, आणि त्यांना तो मोह होतही होता.

पंपाचा मेकॅनिक पाना हातात घ्यायलाही तयार नव्हता. त्यांना मावशी म्हणायची सुरुवात त्यानेच केलेली.

"उघडायचा कशाला, मावशी? तुमची सही आहे की त्याच्यावर. दर आठवड्याला दहा मिनिटं फिरवतो, कधी कुरकुर नाही. त्याच्या भरवशावर चाळीस माणसं निवांत झोपतात इथे."

"म्हणूनच उघड," मावशी म्हणाल्या.

तिघे साहेब कपाळाला आठ्या घालून हेलिकॉप्टरने निघून गेले. चार तासांनी पंपाचा दांडा बाहेर आला. मधोमध वेल्डिंगचा जुना जोड होता आणि जोडाखाली दांड्यात निम्म्यापर्यंत चीर गेलेली. चिरेत गंज साठला होता.

"हे आमचं काम नाही. आम्ही हा कधी उघडलाच नाही," मेकॅनिक म्हणाला.

"माहीत आहे. आला तेव्हापासूनच असा आहे."

"आणि आग लागली असती तर?"

"आठवड्याला रिकामा फिरतो म्हणून चालला. पूर्ण जोरावर पाच मिनिटंही टिकला नसता."

त्याने ओरडावं, चार शब्द सुनवावेत, असं मावशींना फार वाटलं. तो खाली मान घालून पाने पुसत राहिला. त्यांनी चौथी प्रत लिहिली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'मागच्या वेळी मी न उघडता प्रत दिली होती. चूक माझी.' यानंतर आपल्याला कोणी काम देणार नाही हे त्यांना कळत होतं. तरी खाली सही केली.

संध्याकाळी मेस भरली. कोणी पोळीसाठी हाका मारत होतं, कोणी हसत होतं. मावशींना त्या सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघवेना. त्या दोनदा उठल्या, दोनदा बसल्या. मेकॅनिकने चहाचा कप आणून समोर ठेवला.

"सकाळी सहाची बोट आहे, मॅडम," तो म्हणाला.