सगळ्यांनीच मत दिलेली सलमाखाला

सुरतेत कपडे शिवायच्या कारखान्यात असताना घरून फोन आला की मी हातातलं काम टाकून तो उचलते. त्या दुपारी आई एवढंच म्हणाली, "सलमाखाला गेली वं..." कारखान्यातल्या मशीनी चालूच होत्या. रडायलाही जागा नव्हती.

खाला आमची शेजारीण. गावात शाळा सातवीपर्यंतच; पुढच्या शाळेसाठी अमडापूरला जाणारी एसटी बंद पडली आणि माझी शाळा सातवीतच सुटली. घरात लगेच लग्नाची बोलणी सुरू झाली. खालानं आईला दटावलं, मला जवळ बसवून शिवण शिकवलं. आज मी दोन घास स्वतःच्या हातचे खाते ते तिच्यामुळे, हे मी कुणालाही सांगते.

मागच्या ग्रामपंचायतीला ती सरपंचपदासाठी उभी राहिली. मागणी एकच, पोरींच्या शाळेसाठी गाडी. मी रजा टाकून मत द्यायला गेले. खाला पडली, आणि अशी पडली की डिपॉझिटही गेलं. आमच्याकडे गुलालाची मिरवणूक हरलेल्याच्या दारासमोर मुद्दाम थांबते. तशी थांबली. बेंजो, फटाके. घरच्यांनी लावलेलं दार खालानं उघडलं, निवडून आलेल्या भाऊंच्या कपाळाला गुलाल लावला आणि म्हणाली, "मुबारक हो भाऊ. आता गाडी कधी आनता?" सगळे हसले. भाऊही हसले.

दुसऱ्या दिवसापासून माणसं येऊ लागली. जो तो गळ्याची शपथ घेई, "खाला, माहं मत तुलेच होतं." ती प्रत्येकाला चहा पाजायची. संध्याकाळी मला म्हणाली, "साऱ्या गावानं मलेच मत देलं वं, मंग पडली कशी मी?" आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग चहाचे कप गोळा करता करता ती म्हणाली, "हारल्याचं काई नाई, बेटा. गाडी पायजे असं कोनाले वाटतच नाई, हे मले मालूम नव्हतं."

त्यानंतर तिनं गाडीचं नाव काढलं नाही. मी फोनवर विचारलं की म्हणायची, "तू जेवली का?"

ती गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी दुव्याला गावी गेले, तेव्हाही अमडापूरहून पायीच. खालाच्या खोलीत आता तिची सून शिवण शिकवते. खिडकीशी, मी बसायची तिथं, वरच्या आळीतली आरती काज करत बसली होती. यंदाच सातवी झाली.

"लवकर हात बसला हिचा," सून कौतुकानं म्हणाली.

मी कापड हातात घेऊन पाहिलं. टाका खरंच सुबक होता.