मी आधी थांबलो होतो

त्या सकाळी मंगळवेढ्याच्या रस्त्यावर काय घडले, याच्या सध्या दोन हकिगती फिरत आहेत. एक सात रस्ता चौकातल्या चहाच्या टपरीवर ऐकायला मिळते: वकीलसाहेब या वयात, या देहाने, व्याह्यांना मागे टाकून निघून गेले. दुसरी माझ्या लेकीच्या सासरी सांगितली जाते: पडलेल्या माणसाला सोडून मी पुढे पळालो. पहिलीत माझे कौतुक आहे, दुसरीत बदनामी. पाया दोन्हींचा एकच आहे आणि तो खोटा आहे. मी आधी थांबलो होतो.

धावण्याची सुरुवातही लोक चुकीची सांगतात. चिरंजीवांचे म्हणणे असे की, त्यांनी बूट आणून दिले म्हणून मी धावू लागलो. बूट नंतर आले. त्याआधी कित्येक महिने मी जुन्या कॅनव्हासच्या बुटांत एका विजेच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत धावत होतो आणि तिसऱ्यापर्यंत धापा टाकत चालत होतो. शंभर किलोंच्या वरचा माणूस धावू लागला की त्याला प्रथम स्वतःची पावले ऐकू येतात, मग स्वतःचा श्वास आणि मग लोक.

"साहेब, जरा दमानं. कालच डांबर टाकलंय," टपरीवाला म्हणे.

"निकृष्ट टाकले असेल तर आजच कळेल," मी म्हणे.

मांड्या घासून सोलवटत. खोबरेल लावून मी दुसऱ्या दिवशी पुन्हा निघे. वजन फारसे उतरले नाही. अंतर मात्र वाढत गेले.

व्याही मंगळवेढ्याकडच्या शेतकरी घरातले, नोकरीनिमित्त शहरात येऊन निवृत्त झालेले आणि देहाने माझ्याइतकेच भरलेले. मी त्यांना या नादाला लावले, असे विहीणबाई म्हणतात. हेही असत्य आहे. नातवाच्या वाढदिवशी, जेवणाच्या पंगतीत, ते स्वतःहून म्हणाले, "पाहुणे, उद्यापासून मीही येतो. एकट्यानं हसं करून घेण्यापेक्षा दोघांनी करून घेऊ."

आमच्यात मुलीच्या बापाने मुलाच्या बापामागे एक पाऊल राहायचे असते. लग्नात मी तसा राहिलो होतो आणि त्यांनी माझा दंड धरून मला बरोबरीला ओढले होते. हा मानपान त्यांना मनापासून नकोसा होता. रस्त्यावरही तेच. सवयीने मी अर्धे पाऊल मागे राही. मला बरोबर घेण्यासाठी ते वेग कमी करीत. मग मी आणखी कमी करी. दोन अवजड म्हातारे एकमेकांना मान देत जवळजवळ उभे राहत. अखेर त्यांनी नियम घातला, "कोणी कोणासाठी थांबायचं नाही." मी तो मान्य केला.

चैत्र लागला होता. त्या दिवशी आम्ही उशिरा निघालो आणि शहर मागे पडेपर्यंत ऊन डोक्यावर आले. ज्वारी काढून झालेली, रानात नुसती धसकटे. सावली म्हणावी तर एक बाभूळ, तिच्याखाली मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून उभ्या. कुठे पाखरू नव्हते. माझा सदरा अंगाला चिकटला होता. व्याह्यांचा कोरडा होता. पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे उमटले होते आणि मानेवर घामाचा थेंब नव्हता. परतावे असे मी सुचवले, ते त्यांनी हसण्यावारी नेले.

मग ते बोलू लागले. चाळीस वर्षे कचेरीची भाषा बोललेला हा गृहस्थ एकाएकी गावाकडचे बोलू लागला. "पावणं, ती हीर कुटं गेली? हितंच हुती की."

तिथे विहीर नव्हती, कधी नसावीही.

माझ्या डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचू लागले. मी थांबलो, गुडघ्यांवर हात टेकले आणि स्पष्ट म्हणालो, "पाहुणे, माझ्याने होत नाही. थांबा."

त्यांनी वळून पाहिले. चेहरा वीटभट्टीसारखा लाल, त्यावर प्रेमळ हसू. "व्हय, कळतंय की. पोरीचा बाप हाय म्हनून थांबताय. आता ते चालायचं न्हाय."

आणि ते गेले. मी हाका मारल्या; त्यांनी मागे न पाहता हात वर केला. थोडे पुढे जाऊन ते रस्ता सोडून रानात उतरले, पाणी दिसल्यासारखे वाकले आणि धसकटांत आडवे झाले.

मी त्यांच्यापर्यंत पोहोचलो. ऊन लागू नये म्हणून त्यांच्या तोंडावर खांद्यावरचे उपरणे टाकले. समोरून कडब्याचा टेम्पो येताना दिसला, तेव्हा तो अडवण्यासाठी मी हात हलवत त्याच्याकडे धावलो. टेम्पोवाल्याने पाहिले ते एवढेच: एक म्हातारा मागे पडलेला, दुसरा पुढे धावणारा. त्याने पाहिले तसे सांगितले. उरलेले लोकांनी जोडले.

व्याही कित्येक दिवस बेशुद्ध होते. वाचले, पण मूत्रपिंडांना इजा झाली. असे ऊन एकदा लागले की पुढच्या खेपेस शरीर तेवढेही सोसत नाही, असे डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावले. आणि त्यांना त्या सकाळचे नेमके एकच आठवते: मी त्यांच्या मानासाठी थांबलो. त्या मानाची परतफेड म्हणून ते भेटेल त्याला सांगतात, "पाहुणे जिंकले." टपरीवरची हकिगत त्यांचीच आहे.

परवा सगळ्या घरासमोर मी म्हणालो, "मी जिंकलो नाही. माझ्यात दम उरला नव्हता म्हणून थांबलो."

"बघा, अजून मान देतायत," ते विहीणबाईंना म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "रविवारी निघू, पाहुणे. या वेळी खरं धावा."

मी येणार नाही, असे सांगितले. "मग मी एकटा जाईन. मला मिळालेला मान मला फेडायचाय," ते शांतपणे म्हणाले.

आयुष्यभर मी न्यायालयात शब्दाने माणसे वळवली. या एका माणसाला मी दुबळा होतो एवढे पटवता येत नाही, आणि ते न पटल्यास तो पुन्हा त्या रस्त्याला लागणार आहे. त्यांच्या हाती पडावे म्हणून हे लिहितो आहे.

आज दुपारी लेकीचा फोन आला. सासऱ्यांना ती मामा म्हणते. "अण्णा, मामांनी बूट धुऊन गच्चीवर वाळत घातलेत. तुम्ही त्यांना नीट सांगितलंत ना?"

"सांगितले."

"मग ते ऐकत का नाहीत?"

मी खिडकीबाहेर पाहिले. या उन्हात बूट वाळायला तासही लागत नाही.